विसाव्याची पायरी

"कानात कोण चालतंय असं वाटतं काय ओ?" गुरवाने विचारलं.

वाफळीच्या गरम पाण्याच्या कुंडावर आम्ही नुकते पोचलो होतो. पिशव्या अजून हातातच होत्या. नाव-गाव विचारायचं सोडून हा माणूस हे काय भलतंच विचारतोय, म्हणून मला हसू आलं. खाज कुठे येते, खपल्या किती वर्षांच्या, औषध काय केलंत, ते विचार ना बाबा! मी तसं बोलणारच होते, तेवढ्यात माझं लक्ष यांच्याकडे गेलं. माझा नवरा चोरी पकडली गेल्यासारखा मान खाली घालून उभा होता.

"येतो आवाज," हे म्हणाले. "डाव्या कानात. धप, धप. मी चाललो की तोही चालतो. मी थांबलो तरी तो लगेच थांबत नाही. आणखी चार पावलं टाकतो, मग हळू होतो."

"कधीपासून?" मी विचारलं.

"गणपतीच्या आधीपासून."

आता शिमगाही होऊन गेला होता. इतके महिने हा माणूस माझ्या शेजारी बसून जेवत होता आणि त्याच्या कानात कोणीतरी चालत होतं. "मला का नाही सांगितलंत?"

"तू हसली असतीस."

ते मात्र खरं होतं. मी हसलेच असते.

गुरवाने समाधानाने मान हलवली. "मग तुमचं काम होणार. पावलं ऐकू येतात म्हणजे तो निघायच्या तयारीत हाय."

"तो म्हणजे कोण?" मी विचारलं.

"अंगातला, वैनी. जो इतकी वर्षं राहिलाय तो."

भर सकाळची वेळ होती, कुंडावर ऊन पडलं होतं, तरी माझ्या हातावर काटा आला. गुरव पन्नाशीचा, स्वच्छ धोतराचा, हळू आवाजात बोलणारा माणूस होता. कोणाकडून पैसा घेत नसे. लबाड असता तर मी त्याला तिथेच ओळखला असता. आयुष्य बाजारात गेलंय माझं. तो लबाड नव्हता, आणि म्हणूनच आम्ही त्याचं सगळं ऐकलं.

आम्ही कासार. चिपळूणच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान. दुकान सासऱ्यांनी थाटलं, पण नावारूपाला आणलं यांनी. यांच्या हातात गुण होता. नवरीचा हात यांनी हातात घेतला, बोटं जुळवून आवळली, अंगठा आत दुमडला, की चुडा कधी चढला ते तिला कळायचं नाही. पंचक्रोशीतल्या बायका लग्न ठरलं की आधी आमच्याकडे यायच्या, मग हॉल बघायच्या. आणि अशा माणसाच्या नेमक्या हातावर सोरायसिस उतरला. आधी कोपरावर आणि गुडघ्यावर माशाच्या खवल्यांसारखे चट्टे होते, ते बाहीखाली झाकले जायचे. मग ते बोटांच्या पेरांवर आले. नखांना टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडले. मग बोटं सुजायला लागली. एखादं बोट असं अख्खं फुगायचं की त्याची घडी व्हायची नाही.

गिऱ्हाईक बायका तोंडावर काही बोलत नव्हत्या. "वहिनी, आज तुम्हीच भरा ना," एवढंच म्हणायच्या आणि हात पदराखाली घ्यायच्या. असं होता होता मी गादीवर आले आणि हे मागच्या फळीवर डझनांच्या जुड्या बांधायला गेले. पुढे जुड्याही बांधता येईनात. यांना आयुष्यात एकच गोष्ट परत हवी होती, ती म्हणजे गादीवर बसून परक्या बाईचा हात हातात धरणं. आता हे चारचौघांत बोलायची सोय होती का? लोकांनी भलताच अर्थ काढला असता. त्यामुळे ते बोलत नसत आणि आतल्या आत झुरत.

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या, आणि यांच्या दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला. म्हणाले, "जास्त आहे. कार्डिओग्राम काढा, रक्तातली चरबी बघा, विडी सोडा." बाहेर आल्यावर हे म्हणाले, "खाज कोपराला आणि तपासणार काळीज! उद्या म्हणतील, बायकोचे दात पण दाखवून जा." आम्ही दोघं रिक्षात बसेपर्यंत हसत होतो. तो कार्डिओग्राम काही निघाला नाही, आणि विडीही सुटली नाही.

मग कोणीतरी वाफळीचं नाव सांगितलं.

कुंडाला उग्र वास होता, गंधकाचा. पाणी हात भाजेल इतकं गरम, पण दगडी पन्हळीतून खालच्या टाक्यात येईपर्यंत सोसवेल असं व्हायचं. नियम असा, की आल्या दिवशी जे कपडे अंगावर असतील तेच घालून महिनाभर रोज त्या टाक्यात बसायचं, आणि शेवटच्या दिवशी ते तिथेच सोडून जायचं. त्याला कात टाकणं म्हणत. कुंडाच्या काठावर उंडीचं मोठं झाड होतं आणि त्यावर तशा काती टांगलेल्या होत्या. सदरे, लेंगे, लुगडी, एक पोलिसाची खाकी पँटसुद्धा. सदऱ्यांची बटणं नीट लावलेली. वारा नसला तरी खालच्या वाफेने त्या बाह्या हलायच्या. मी कपडे धुवायला तिकडे जायची तेव्हा झाडाकडे पाठ करून बसत नसे.

"यातले बरे किती झाले?" मी एकदा गुरवाला विचारलं.

"सगळे."

"परत कोणी येतं का, देवीला नारळ वगैरे द्यायला?"

"बरा झालेला माणूस इकडं कशाला येईल, वैनी?"

मला ते पटलं. आपणही यायचं नाही, असं मी मनात ठरवून टाकलं.

आणि गुण आला, हे मला नाकारता येणार नाही. रोजचं पाणी, रोजचं ऊन, चिंता नाही, दुकान नाही. खपल्या मऊ झाल्या, सुटल्या, पाण्यात वाहून गेल्या. खालची कातडी तान्ह्या मुलासारखी गुलाबी निघाली. एका संध्याकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर बसलो होतो, तर यांनी माझा हात ओढून घेतला. बोटांची सूज बरीच उतरली होती. त्यांनी माझ्या हातातली एक हिरवी बांगडी अलगद उतरवली, हात आवळला आणि परत चढवली.

"चढली!" असे ओरडले, जणू कोणाच्या तरी लग्नाचा पहिला चुडा भरला होता.

मी रडले. लाज कसली, नवराच तो माझा. पण डोळे पुसून पाहते तर एवढ्याशा कामाने यांना धाप लागली होती. वरच्या ओठावर घाम होता. आणि दिवसभर गरम पाण्यात बसलेल्या माणसाची बोटं गार होती.

"काय होतंय?"

"काही नाही. खांदा ओढतोय जरा. आणि हा इथे, जबडा."

गुरवाला सांगितलं तर तो म्हणाला, "सांध्यासांध्यातून सुटतोय. इतकी वर्षं धरून बसलेला, सुटताना ओढणारच." यात न पटण्यासारखं काय होतं? यांचं दुखणं तसंच होतं. आज मनगट, उद्या टाच, परवा मान, असं घर बदलत फिरायचं. आता ते खांद्यावरून जबड्यात गेलं होतं. म्हणजे बाहेरच चाललं होतं.

"आणि पावलं?" गुरवाने विचारलं.

"वाढलीत. आता दोघं चालल्यासारखं वाटतं." हे बोलता बोलता थांबले, तोंडावर बोट ठेवलं. "श्श. थांबला." आम्ही तिघं गप्प उभे. झाडावरच्या बाह्या हलत होत्या. "चालला," हे म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले.

मी यांच्या मानेला कान लावून पाहिला. मला काही ऐकू आलं नाही, पण तिथली शीर कानाखाली उडत होती आणि मी पटकन बाजूला झाले.

शेवटच्या दिवशी दुपारी कात टाकायची होती. गुरवाने रीत पुन्हा समजावून सांगितली. कुंडापासून डोंगरावरच्या वाफजाईच्या देवळापर्यंत जांभ्याच्या पायऱ्या आहेत. यांनी जुने कपडे झाडावर टांगायचे, नवे घालायचे, निरगुडीची काठी घ्यायची आणि एकट्याने चढायचं. प्रत्येक पायरीवर काठी आपटायची, म्हणजे अंगातल्याला कळतं की हा चालला, आपण मागे राहायचं. मी आधीच गाडीवाटेने वर जायचं आणि देवीकडे तोंड करून, पायऱ्यांकडे पाठ करून बसायचं. मागे बघायचं नाही. काहीही झालं तरी हाक मारायची नाही.

"हाक मारली तर?"

"ती हाक त्याला पण ऐकू जाते ना, वैनी. आपल्यालाच बोलावतात असं समजून तो परत अंगात शिरतो. आणि मग मरेपर्यंत निघत नाय."

मी वर जाऊन बसले. देऊळ लहानसं, कौलारू. समोर खांबाला टेकून एक बाई अबोलीचे वळेसर गुंफत बसली होती. तिचं तोंड माझ्याकडे, म्हणजे पायऱ्यांकडे होतं. बाई दिसली की माझी नजर आधी मनगटावर जाते, धंद्याची खोड. तिची दोन्ही मनगटं मोकळी होती.

"हात का असे?" मी म्हटलं. "माझ्या पिशवीत आहेत बांगड्या. भरून देते, पैसे नकोत. आज आमचा आनंदाचा दिवस आहे."

"नको बाय," ती म्हणाली आणि हात पदराखाली घेतले. तिच्या कपाळाकडे मी त्यानंतर पाहिलं आणि जीभ चावली.

खालून काठीचा आवाज आला. टक्. मग थोडा वेळ गेला. टक्. मी देवीच्या चांदीच्या डोळ्यांकडे बघत बसले. आवाज हळूहळू मोठा होत गेला. ऊन कडक होतं, कावळासुद्धा ओरडत नव्हता. टक्. टक्. मग दोन आवाजांमधली जागा वाढायला लागली. मग बराच वेळ काहीच आलं नाही.

"बसले," ती बाई म्हणाली.

"कुठे?"

"विसाव्याच्या पायरीवर. सगळेच बसतात तिथं."

"दम लागला असेल."

"असंल."

तिची बोटं दोऱ्यावर चालत होती, पण डोळे माझ्या खांद्यावरून मागे लागलेले. मी मान ताठ धरली होती. तुम्ही कधी असं बसून बघा, पाठीमागे आपलं माणूस आणि वळायला बंदी. पाठीला डोळे फुटतील असं वाटतं.

"काय करतायत?"

"कठड्याला टेकलेत. छातीवर हात ठेवलाय. आता गालावर ठेवला, दात दुखत असल्यागत."

"काठी आहे ना हातात?"

"काठी पडली. गेली खाली घरंगळत."

"आणि गुरव?"

"खाली उभा हाय, हात जोडून. त्याला वाटतंय, निघाला."

मला भीती वाटली, ती कसली ते सांगते. यांच्या मरणाची नाही. ते अजून माझ्या मनातच आलं नव्हतं. मी वळले आणि उद्या खपल्या परत आल्या, तर हा माणूस जन्मभर माझ्याकडे कसा बघेल, त्याची भीती वाटली. ती गुलाबी कातडी, ती चढलेली बांगडी, सगळं माझ्या मानेच्या एका झटक्यावर होतं.

"तिथे बसलेले उठतात ना पण?" मी विचारलं.

तिने दाताने दोरा तोडला.

"काही उठतात."

"आणि बाकीचे?"

"हाक मारू नका हां बाय," ती म्हणाली. तिचा आवाज चांगला होता, समजूत घालणारा. "मी पण नव्हती मारली."

"तुम्ही?" मी विचारलं.

"मी तिथंच बसलेली, तुम्ही बसलात तिथं. आमचे मालक पण असेच बसले, गालाला हात लावून. म्हटलं, एवढ्या वर्षांचं दुखणं, माझ्या एका हाकेपायी परत नको यायला. अंधार पडेस्तोवर बसली मी." तिने वळेसर पानावर ठेवला, हात पुसले. "एक खपली नव्हती ओ अंगावर. सोन्यासारखी कातडी घेऊन गेले."

मी वळले.

हे निम्म्या चढावर बसले होते. मान एका बाजूला कलली होती आणि डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडे नव्हते, माझ्याही वर कुठेतरी, देवळाच्या मागच्या रानाकडे लागले होते. तोंडावर हसू होतं.

"अहो!" मी ओरडले.

काही नाही.

"अहो! अहो, इकडे बघा!"

"वैनी, नको!" खालून गुरव ओरडला. तो दोन्ही हात वर करून पायऱ्या चढत येत होता. "नको वैनी, तो ऐकतोय!"

"ऐकू दे!" मी म्हटलं आणि धावत सुटले. त्या पायऱ्या उंच, वेड्यावाकड्या. एका ठिकाणी पाय सरकला, हात कठड्यावर आपटला आणि दोन बांगड्या वाढल्या. फुटल्या हा शब्द कासाराच्या घरात कोणी उच्चारत नाही, पण मनात तोच आला. यांच्या डोळ्यांची पापणीसुद्धा हलत नव्हती. मग मी थांबले, छातीत मावेल तेवढा वारा घेतला आणि हाक मारली.

"दत्ताराम!"

लग्नात उखाण्यात घेतलं होतं ते नाव, तेवढंच. त्यानंतर ते माझ्या तोंडातून कधी बाहेर पडलं नव्हतं. समोरच्या डोंगराने ते परत फेकलं. यांची मान हळूच वळली. गाढ झोपेतून उठवलेल्या माणसासारखे ते माझ्याकडे बघत होते आणि त्या बघण्यात राग होता.

मी जवळ जाऊन हात धरला. चेहरा राखेसारखा झाला होता, नवा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. मनगट माझ्या सवयीप्रमाणे धरलं, तर आतली नाडी धावत होती, मध्येच ठेचकाळत होती, परत धावत होती.

गुरव येऊन पोचला. तो रडकुंडीला आला होता. "काय केलंत वैनी. निघाला होता तो."

"गुरव, माझं पाप मी फेडीन. तुम्ही आधी यांचे पाय धरा."

त्याने धरले, हे मी त्याचं कधी विसरणार नाही. आम्ही दोघांनी यांना उचलून गाडीवाटेवर आणलं. आंब्याच्या पेट्या भरलेली एक जीप चालली होती, तिच्यातल्या निम्म्या पेट्या रस्त्यावर उतरवल्या. त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

पहिल्या दवाखान्यात यांना एक गोळी चावून खायला लावली आणि छातीला तारा लावल्या. मग कोल्हापूरला नेलं. तिथे मांडीच्या नसेतून नळी घालून काळजाची बंद झालेली रक्तवाहिनी फुगा फुगवून उघडली आणि आत जाळी बसवली. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी यांची खड्डे पडलेली नखं पाहिली, बोटं दाबून पाहिली, आणि मला बाहेर बोलावून विचारलं, "सोरायसिस किती वर्षं आहे?"

"होता," मी म्हटलं. "गेला तो."

"कातडीवरून गेला असेल." त्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या. "काकू, हा नुसता कातडीचा आजार नाही. अंगात एक दाह असतो. तो बाहेर चट्टे म्हणून दिसतो, बोटांत सूज म्हणून दिसतो. आत रक्तवाहिन्यांच्या भिंतींनाही तोच पोळत असतो, तो मात्र कोणाला दिसत नाही. त्यात रक्तदाब, त्यात विडी. तिथे चरबीचा थर धरतो आणि वाट अरुंद होते. जबडा, खांदा दुखत होता ना?"

"ते सांध्याचं होतं."

"ते काळजाचं होतं."

मग मी त्यांना पावलांचं सांगितलं. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. आत येऊन त्यांनी यांच्या मानेवर, डाव्या बाजूला, छाती तपासायची नळी ठेवली, ऐकलं, आणि तिची टोकं काढून माझ्या कानात घातली.

धप. सूं. धप. सूं.

चढावर कोणीतरी पाय ओढत चाललं होतं. अगदी जवळ, माझ्या स्वतःच्या डोक्यात. मी नळी काढून टाकली.

"ही मानेतली शीरही अरुंद झाली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त घासत जातं, त्याचा आवाज कानाशी येतो. चाललं की नाडी वाढते, म्हणून थांबल्यावरही थोडा वेळ जोरात येतो. औषधं जन्मभर घ्यावी लागतील. आणि खपल्या परत येतील हं काका, त्यावरही आता चांगले उपचार आहेत, सगळं मिळून बघू."

परत येतील, हे ऐकलं आणि हे भिंतीकडे तोंड करून झोपले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चहा दिला तर घेत, गोळी दिली तर गिळत. मी समजले. वाफळीत लोक काय म्हणत असतील तेही मला माहीत होतं, की निघालेला रोग कासारणीने हाक मारून परत बोलावला. तिसऱ्या दिवशी दुपारी मीच विषय काढला.

"रागावलायत माझ्यावर?"

"रागावलो होतो," हे भिंतीकडे बघतच म्हणाले. "त्या पायरीवर."

"बसल्यावर?"

"मी बसलो नव्हतो."

"बसला होतात. मी पाहिलंय."

"तू पाहिलं असशील. माझ्या हिशोबाने मी चढतच होतो." ते माझ्याकडे वळले. "एकदम हलकं वाटायला लागलं बघ. खाज नाही, बोटं दुखत नाहीत, धाप नाही. आणि कानातली पावलं कानातून बाहेर आली. माझ्या पुढे चालायला लागली. दिसत कोणी नव्हतं, पण एकेक पायरी वाजत होती. मी त्यांच्या मागून. देवळापाशी आलो तर तू पाठमोरी बसलेली. तुझ्या शेजारून गेलो."

तिथे मी पाठमोरी बसणार, हे यांना आधीच माहीत होतं. कोणालाही कळलं असतं. तरीपण माझ्या पाठीवरून काहीतरी सरकत गेलं.

"देवळामागे रानात वाट होती. गार होती. मी म्हटलं, सुटलो एकदाचा, चालला हा मला सोडून." त्यांनी मान हलवली. "सोडून कुठला चाललाय? मीच निघालो होतो त्याच्याबरोबर."

"आणि मला कुठे ठेवून?"

त्यांनी पांघरुणातून हात काढून माझं मनगट धरलं. दोन बांगड्यांची जागा तिथे मोकळी होती, त्यावरून अंगठा फिरवला.

"तू हाक मारलीस तेव्हा मी थांबलो," ते म्हणाले. "तो पण थांबला. वळला. मी उतरायला लागलो, तर माझ्या मागून उतरायला लागला."

"आता?"

"आहे की." त्यांनी डावा कान उशीवरून उचलला आणि ऐकत राहिले. वॉर्डात पंखे फिरत होते, पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा संत्रं सोलत होता. "मागेच आहे. पण आता मी पुढे आहे."

मग ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "परत एकदा हाक मार."

"अहो, इथेच तर आहात. हाक कशाला?"

"तशी नाही. त्या दिवशी मारलीस तशी. त्याला ऐकू दे."

मी आजूबाजूच्या खाटांकडे पाहिलं. म्हाताऱ्याने संत्रं सोलायचं थांबवून कान टवकारले होते. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याला नावाने हाक मारली.